चाचणीचे उड्डाण : कोसळलेल्या विमानांनी काय शिकवले?

१० ऑगस्ट २०२१ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात, फुलसावंगी या गावी एका घरगुती हेलिकॉप्टरची चाचणी चालू होती. हेलिकॉप्टर बनवणारा शेख इस्माईल शेख इब्राहिम हा २४ वर्षांचा तरुण. शाळा आठवीपर्यंत झालेली, व्यवसाय पत्रा आणि वेल्डिंगच्या कामाचा. सुमारे दोन वर्षे खपून, चित्रफिती पाहून, मोटारीचे इंजिन वापरून त्याने हे यंत्र उभे केले होते. येत्या स्वातंत्र्यदिनाला ते लोकांना दाखवायचा त्याचा बेत होता, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. तो स्वतः आत बसला, इंजिन सुरू झाले, पंख्याने वेग घेतला. एवढ्यात शेपटीकडच्या पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मुख्य पंख्यावर आदळले आणि मुख्य पंख्याचे पाते इस्माईलला लागले. त्यात त्याचा मृत्यू झाला. यंत्र जमिनीवरच होते.

या घटनेवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. काहींनी हळहळ व्यक्त करून गुणी मुलाला कोणी मदत केली नाही म्हटले. काहींनी हा वेडेपणाच होता म्हटले. विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र तिसराच प्रश्न पडायला हवा. पूर्वी कधीही न चाललेले यंत्र पहिल्यांदा चालवून पाहायचे असेल, तर ते कसे पाहावे? या प्रश्नाचे उत्तर माणसाने फार मोठी किंमत देऊन शोधले आहे. विमानविद्येच्या सुरुवातीच्या काळात इंग्लंडमध्ये चाचणीच्या वेळी जे अपघात झाले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

बांबूची शेपूट

पर्सी पिल्चर हा इंग्लंडमधला ग्लायडरचा आद्य प्रयोगकर्ता. जर्मनीच्या ऑटो लिलिएंथालकडून त्याने धडे घेतले होते. लिलिएंथाल स्वतः १८९६ मध्ये ग्लायडर कोसळून मरण पावला. तरीही पिल्चर थांबला नाही. त्याने इंजिनावर चालणारे तीन पंखांचे विमान बनवायला घेतले. ३० सप्टेंबर १८९९ रोजी लेस्टरशायरमधील स्टॅनफर्ड हॉल येथे ते पाहुण्यांना दाखवायचे ठरले. पण इंजिनाचा दांडा तुटला. जमलेल्या मंडळींची निराशा होऊ नये म्हणून पिल्चरने आपले जुने ग्लायडर 'हॉक' उडवायचे ठरवले. हवा पावसाळी होती, ग्लायडर भिजून जड झाले होते. घोड्यांनी दोर ओढून ते वर चढवले आणि सुमारे दहा मीटर उंचीवर शेपटीचा बांबू मोडला. दोन दिवसांनी, वयाच्या ३२ व्या वर्षी, पिल्चर मरण पावला.

येथे तांत्रिक चूक बांबूची होती, पण तिच्या आधी एक वेगळी चूक घडली होती. चाचणीचा दिवस आणि प्रदर्शनाचा दिवस एकच धरला गेला. प्रेक्षक जमले की 'आज नको' म्हणणे कठीण होते. पुढे अनेक उड्डाणांत हेच घडले. रोल्स-रॉइस कंपनीचे चार्ल्स रोल्स १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथच्या मेळाव्यात विमानाची शेपूट मोडून पडले, तेही प्रेक्षकांसमोरच.

इंग्लंडमधले पहिले सलग इंजिनी उड्डाण करणारा सॅम्युअल कोडी हाही असाच गेला. १६ ऑक्टोबर १९०८ रोजी त्याने फार्नबरो येथे सुमारे ४२४ मीटर अंतर कापले होते. हा माणूस मूळचा अमेरिकेतला. नाटकमंडळी चालवणारा आणि पतंग बनवणारा. औपचारिक शिक्षण जवळजवळ नाही, पण हाताला विलक्षण कसब. ७ ऑगस्ट १९१३ रोजी त्याने स्वतः बनवलेले, पाण्यावर उतरू शकणारे नवे विमान चाचणीसाठी वर नेले. सोबत इव्हान्स नावाचा क्रिकेटपटू होता. विमान हवेतच मोडले आणि दोघेही त्यात ठार झाले. फुलसावंगीच्या तरुणाला वेडा ठरवणाऱ्यांनी कोडीचे चरित्र जरूर वाचावे. दोघांच्या काळात १०८ वर्षांचे अंतर आहे, पण कसब, जिद्द आणि गाठीशी असलेले गणित यांत फारसा फरक नाही.

गिरकीचे कोडे

त्या काळात वैमानिकांना सर्वांत जास्त भीती वाटे ती गिरकीची. विमान अचानक एका बाजूला कलंडे आणि गरगर फिरत जमिनीकडे येई. त्यातून वाचून 'मी काय केले' हे सांगणारा भेटत नसे. म्हणजे निरीक्षण होते, पण निरीक्षकच उरत नव्हता.

२५ ऑगस्ट १९१२ रोजी लष्करी विमानांच्या चाचण्या चालू असताना विल्फ्रेड पार्क हा नौदलाचा तरुण अधिकारी गिरकीत सापडला. त्याने आधी स्वाभाविक वाटेल तेच केले. इंजिनाचा जोर वाढवला, विमानाचे नाक वर यावे म्हणून दांडा मागे ओढला. काही उपयोग झाला नाही. मग जमीन अगदी जवळ आलेली असताना त्याने सुकाणू गिरकीच्या उलट दिशेला पूर्ण दाबले. विमान सरळ झाले, तेव्हा ते जमिनीपासून अवघे पंधरा मीटर वर होते. महत्त्वाची गोष्ट ही की पार्कने उतरल्यावर प्रत्येक हालचाल क्रमाने सांगितली आणि ती छापून प्रसिद्ध झाली.

याच पार्कचा मृत्यू त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाला. हँडली पेज कंपनीच्या एकपंखी विमानाचे इंजिन पुरेसा जोर देत नव्हते आणि कमी उंचीवर वळताना विमान कोसळले. त्यात त्याचा प्रवासीही गेला.

यामागचे भौतिकशास्त्र आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही समजते. पंखाला वर उचलणारे बल (आपण त्याला उचलबल म्हणू) विमानाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पंख येणाऱ्या हवेशी जो कोन करतो, तो वाढवला तर उचलबलही वाढते. पण साधारण पंधरा अंशांपर्यंतच. त्यापुढे पंखावरून सुरळीत वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते, तिच्यात भोवरे पडतात आणि उचलबल एकदम घटते. याला 'स्टॉल' म्हणतात. एक पंख आधी स्टॉल झाला की विमान त्या बाजूला पडते आणि गिरकी सुरू होते. अशा वेळी दांडा मागे ओढणे म्हणजे कोन आणखी वाढवणे, म्हणजेच रोग वाढवणे.

आता वळणाचे पाहू. विमान वळताना तिरपे होते. मग उचलबलाचा काही भाग वळवण्यात खर्च होतो आणि वजन पेलायला एकूण उचलबल जास्त लागते. उंची न गमावता ६० अंशांनी तिरपे होऊन वळायचे, तर उचलबल दुप्पट हवे. वेगाच्या वर्गाचा नियम लावला, तर त्यासाठी किमान वेग √२ पट, म्हणजे सुमारे १.४ पट लागतो. सरळ जाताना ताशी ७० किलोमीटर पुरत असतील, तर त्या वळणात ताशी सुमारे १०० किलोमीटर हवेत. दुबळे इंजिन आणि वळण ही जोडी जीवघेणी का ठरते, ते यावरून कळावे.

गिरकीचे कोडे पूर्णपणे सुटले ते पहिल्या महायुद्धात, फार्नबरोच्या शाही विमान कारखान्यात. ऑगस्ट १९१६ मध्ये फ्रँक गुडन या चाचणी वैमानिकाने मुद्दाम गिरकी घेऊन बाहेर पडून दाखवले. १९१७ मध्ये फ्रेडरिक लिंडमन या भौतिकशास्त्रज्ञाने स्वतः विमान चालवायला शिकून गिरकीत असताना मोजमापे नोंदवली. भरपूर उंचीवर जायचे, मुद्दाम गिरकी सुरू करायची, वाचन घ्यायचे आणि बाहेर पडायचे. पार्कला योगायोगाने सापडलेली युक्ती आता नियम बनली. आजही प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला उलट सुकाणूचा तो नियम शिकवला जातो.

कागदावर न दिसलेला भार

हाच फ्रँक गुडन २८ जानेवारी १९१७ रोजी गेला. तो एस. ई. ५ या नव्या लढाऊ विमानाचा दुसरा नमुना उडवत होता. विमानाचे पंख हवेत मोडले. विमानाचा पंख किती भार सोसतो हे पाहण्याची त्या काळची रीत अशी : विमान उलटे टांगायचे आणि पंखांवर पिशव्यांमधून वाळू किंवा शिशाचे छर्रे रचत जायचे. वजनाच्या काही पट भार पेलला की पंख पास! पण हवा पंखाला नुसती वर उचलत नाही, ती त्याला पिळतेही. सूर मारताना हा पीळ वाढतो. चौकशीत असे दिसले की गुडनच्या विमानाचे पंख पीळ पडून मोडले होते. पंखांच्या आतील आडव्या फासळ्यांना प्लायवूडची जोड देऊन ते मजबूत केले गेले. हीच एस. ई. ५ पुढे ब्रिटनच्या उत्तम लढाऊ विमानांपैकी एक ठरली.

वर्गात हे दाखवायला पुठ्ठ्याची एक लांब पट्टी पुरते. दोन टोकांना टेकू देऊन तिच्यावर नाणी रचा, ती बराच भार सोसते. आता तीच पट्टी दोन्ही हातांनी पिळा. चाचणी जो प्रश्न विचारते, त्याचेच उत्तर मिळते, हे विद्यार्थ्यांना सहज पटेल.

दुसरे उदाहरण 'टॅरंट टॅबर' या अवाढव्य विमानाचे. तीन मजली पंख, पंखांचा विस्तार ४० मीटर, सहा इंजिने. त्यांपैकी चार खाली आणि दोन वरच्या मजल्यावर. २६ मे १९१९ रोजी पहिल्या उड्डाणासाठी ते धावू लागले. खालच्या इंजिनांवर सारे ठीक होते. वरच्या दोन इंजिनांचा जोर वाढवताच विमान पुढे कलंडले आणि नाकावर आदळले. डन आणि रॉलिंग्ज हे दोन्ही वैमानिक त्यात मरण पावले. कपाट तळाशी ढकलले तर सरकते आणि माथ्याशी ढकलले तर कलंडते, हे प्रत्येकाने घर बदलताना अनुभवलेले असते. गुरुत्वमध्याच्या बऱ्याच वर लावलेल्या बलाचे आघूर्ण टॅबरला नाकावर पाडायला पुरेसे झाले. विमान जमिनीवरून उठलेदेखील नाही.

अपघाताचे विज्ञान

अपघात होतच राहिले. पण त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलत गेली. १९०९ मध्ये ब्रिटिश सरकारने विमानविद्येसाठी सल्लागार समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना दिले. १३ मे १९१२ रोजी ब्रुकलँड्स येथे फिशर हा वैमानिक आणि त्याचा प्रवासी ठार झाले. त्या अपघाताची रॉयल एअरो क्लबने रीतसर चौकशी केली. विमान अपघाताचा हा जगातला पहिला औपचारिक चौकशी अहवाल मानला जातो. 'नशीब' किंवा 'धाडस' हे शब्द मागे पडून 'कारण' हा शब्द पुढे आला.

काही सुधारणांची मुळे तर थेट एखाद्या मृत्यूत आहेत. १२ सप्टेंबर १९४२ रोजी व्हॅलेंटाइन बेकर हे मार्टिन-बेकर कंपनीचे भागीदार आपल्याच कंपनीच्या विमानाची चाचणी घेताना गेले. त्यांचे मित्र जेम्स मार्टिन यांनी यानंतर वैमानिकाच्या सुरक्षिततेचा ध्यास घेतला. वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकणारी त्यांची यंत्रणा २४ जुलै १९४६ रोजी उडत्या विमानातून माणसावर प्रथम अजमावली गेली. २७ जून २०१८ रोजी नाशिकजवळ पिंपळगाव बसवंत परिसरात, ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स कारखान्याचे सुखोई-३० विमान चाचणी उड्डाणात कोसळले. द्राक्षांच्या मळ्यांत विमानाचे तुकडे पसरले, पण दोन्ही वैमानिक सुखरूप होते. त्या विमानातील खुर्ची रशियन बनावटीची असते; कल्पना मात्र तीच.

सगळे धोके अशा रीतीने संपले आहेत असे नाही. ६ मार्च २००९ रोजी 'सारस' या भारतीय प्रवासी विमानाचा दुसरा नमुना बंगळूरजवळ बिडदी येथे कोसळला आणि हवाई दलाचे तीन अधिकारी मरण पावले. एक इंजिन हवेत मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करण्याची ती चाचणी होती. इंजिन पुन्हा सुरू करण्याची ठरवून दिलेली पद्धतच चुकीची होती आणि हाती असलेली उंचीही अपुरी होती, असे चौकशीत निघाले. म्हणजे यंत्राइतकीच चाचणीची कृतीही आधी तपासावी लागते.

पात्याचे गणित

आता फुलसावंगीकडे परत येऊ. फिरणारे पाते तुटणे किती भयंकर असते? एक काल्पनिक पाते घेऊ. वस्तुमान २ किलोग्रॅम, त्याचा गुरुत्वमध्य आसापासून १ मीटरवर, वेग मिनिटाला ६०० फेरे, म्हणजे सेकंदाला १० फेरे.

कोनीय वेग = २ × ३.१४ × १० = ६२.८ रेडियन प्रति सेकंद.

पाते जागेवर धरून ठेवायला लागणारे बल = वस्तुमान × त्रिज्या × कोनीय वेगाचा वर्ग = २ × १ × ३९४४, म्हणजे सुमारे ७,९०० न्यूटन.

याचा अर्थ, दोन किलोच्या पात्याच्या मुळाशी सुमारे ८०० किलो वजनाची, म्हणजे एका लहान मोटारीइतकी ओढ असते. ती एखाद्या वेल्डच्या जोडावर किंवा बोल्टवर पडते. शिवाय वेग दुप्पट केला तर ओढ चौपट होते. थरथरीने धातू हळूहळू थकतो आणि एक दिवस बिनसूचनेचा तुटतो. सायकलच्या तारेचा तुकडा पुनःपुन्हा वाकवून मोडला, की धातूचा हा थकवा हाताला कळतो. पाते सुटले, तर त्याचा गुरुत्वमध्य सेकंदाला ६२.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाने निघतो.

हे गणित मांडले की चाचणीची रीत आपोआप ठरते. पहिल्या चाचण्यांत आत कोणीही बसायचे नाही. यंत्र जमिनीला पक्के बांधायचे. इंजिनाचा जोर लांबून, तारेने किंवा दोरीने कमी-जास्त करायचा. पात्यांच्या फिरण्याच्या पातळीत कोणी उभे राहायचे नाही, मध्ये मातीचा बांध किंवा वाळूच्या गोण्या हव्यात. वेग एकदम वाढवायचा नाही. थोडा वाढवायचा, थांबवायचे, प्रत्येक जोड तपासायचा, वहीत लिहायचे आणि मगच पुढची पायरी. कारखान्यांतही नवी पाती अशीच, माणसांपासून दूर, बंदिस्त जागी फिरवून पाहतात. यासाठी मोठा पैसा लागत नाही, पण हे सांगणारा कोणीतरी जवळ लागतो.

तोरणमाळची हवा

चाचणी कोठे घ्यावी, यालाही महत्त्व आहे. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंच आहे. तापमान तेच धरले, तर तेथील हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १३ टक्के कमी भरते. उचलबल घनतेच्या प्रमाणात असते. त्यामुळे तेच विमान तोरणमाळला उचलायचे झाले, तर वेग सुमारे ७ टक्के जास्त लागेल आणि इंजिनालाही प्राणवायू कमी मिळेल. त्यात सीताखाईच्या कड्यावर वारा आदळून वर चढतो. घारी-गरुड पंख न हलवता त्या वाऱ्यावर तरंगतात, लिलिएंथाल आणि पिल्चर टेकड्यांवर असाच वारा शोधत. पण कड्याच्या दुसऱ्या बाजूला तोच वारा खाली कोसळतो. पठारावरच्या शाळांना हा धडा पुस्तकाविना शिकवता येईल. कागदाची पट्टी काठीला बांधा. कड्यापासून पुरेसे दूर, सुरक्षित जागी उभे राहून निरनिराळ्या ठिकाणी वाऱ्याची दिशा नोंदवा आणि नकाशा काढा.

याच खानदेशात एक घरगुती विमान पद्धतशीरपणे तपासले गेले आहे. मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत आपल्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ मध्ये ते लोकांनी प्रदर्शनात पाहिले, २०१७ मध्ये त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळे विमानतळावर त्याची चाचणी उड्डाणे झाली. परवानग्यांसाठी वर्षे गेली याबद्दल तेव्हा बरीच टीका झाली. यंत्रणा जलद आणि मदत करणारी असावी, हे खरेच. पण तपासणीची पायरीच गाळावी, असा त्याचा अर्थ नव्हे.

आपल्या वर्गातला मुन्ना

इस्माईलला गावात मुन्ना म्हणत. असा एखादा मुन्ना बहुतेक शाळांत असतो. परीक्षेत मागे, पण पंखा, मोटार, पंप उघडून बसणारा. त्याचे कौतुक करून त्याला एकटे सोडणे किंवा धाक घालून गप्प बसवणे, दोन्ही सोपे आहे. त्याला चाचणीची रीत शिकवणे कष्टाचे आहे. त्याच्या यंत्राचा प्रत्येक भाग तुटला तर काय होईल, हे त्याच्याकडून लिहून घ्या. चाचणीची तारीख आणि समारंभाची तारीख वेगळी ठेवा. चाचणीच्या वेळी निदान एक माणूस असा हवा, ज्याच्या 'थांब' या शब्दावर यंत्र बंद होईल. तो माणूस यंत्र बनवणारा नसावा. विज्ञान प्रदर्शनातल्या साध्या पाणचक्कीपासून हे सुरू करता येते. सवय तेथे लागली, तर पुढे मोठ्या यंत्राजवळही ती टिकेल.